मुअल्लिमांवर नजर हवी, आणि पाठीवर हातही

रमजान संपला, ईद झाली आणि शव्वाल लागला की आपल्याकडे मकतब-मदरशांचे नवे वर्ष सुरू होते. त्याच सुमारास अनेक मोहल्ल्यांत जमातीच्या कमिटीची बैठक भरते. मशिदीची रंगरंगोटी, पंखे, वीजबिल यांचा हिशेब होतो आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत एक विषय हमखास निघतो : "मुअल्लिमसाहेबांचे काय करायचे? ठेवायचे की बदलायचे?" कोणी म्हणतो, मुलांचा सबक पुढे सरकत नाही. कोणी म्हणतो, आधीचे मौलाना बरे होते. कोणी म्हणतो, हे सारखा पगार वाढवून मागतात. वर्षभरात ज्यांनी वर्गात पाय ठेवला नाही, ती मंडळी पंधरा मिनिटांत एका माणसाच्या रोजीचा आणि आपल्याच मुलांच्या तालीमचा निकाल लावून मोकळी होतात.

आम्ही शिक्षक आहोत. दिवसा शाळेत शिकवतो आणि आमच्यातले कित्येक जण संध्याकाळी मकतबही सांभाळतात. त्यामुळे हा विषय आम्हाला दोन्ही बाजूंनी दिसतो. "आमच्या कामात कोणी लक्ष घालू नये," असे म्हणणाऱ्या शिक्षकांशी आम्ही सहमत नाही. आणि लक्ष घालणे म्हणजे फक्त चुका पकडणे, असे समजणाऱ्या कमिट्यांशीही सहमत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की इस्लामच्या शिकवणीत शिक्षकाला तपासणे आणि शिक्षकाला सावरणे ही दोन वेगळी कामे नाहीत. जो तपासतो, त्याच्यावरच सावरण्याची जबाबदारी येते.

एक तक्रार आणि तिचा निवाडा

हजरत मुआज बिन जबल (रजि.) हे मदिनेतील तरुण सहाबी. कुरआन कोणाकडून शिकावा हे सांगताना प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जी चार नावे घेतली, त्यांत त्यांचे नाव होते. म्हणजे योग्यतेबद्दल प्रश्नच नव्हता. ते इशाची नमाज प्रेषितांच्या (स.) मागे अदा करत आणि मग आपल्या मोहल्ल्यात जाऊन तिथल्या लोकांची इमामत करत. एका रात्री त्यांनी नमाजमध्ये सूरह बकरा सुरू केली. कुरआनमधील ही सर्वांत लांब सूरह. मागे उभ्या असलेल्यांत दिवसभर पाणी वाहणाऱ्या उंटांबरोबर राबून आलेला एक कष्टकरी होता. त्याला ते पेलवेना. तो जमातमधून बाजूला झाला, आपली नमाज वेगळी अदा केली आणि निघून गेला. हजरत मुआज (रजि.) त्याच्याबद्दल कठोर शब्द बोलले. ते त्याच्या कानावर गेले आणि तो थेट प्रेषितांकडे (स.) गेला. हा प्रसंग सहीह बुखारीत आला आहे.

या तक्रारीचे पुढे काय झाले, ते प्रत्येक कमिटीने आणि प्रत्येक मुख्याध्यापकाने नीट पाहावे.

पहिली गोष्ट, तक्रार ऐकून घेतली गेली. एवढ्या मोठ्या आलिमविरुद्ध हा कोण बोलणारा, असे त्या माणसाला कोणी म्हटले नाही. दुसरी गोष्ट, हजरत मुआज (रजि.) यांना चूक स्पष्ट शब्दांत दाखवली गेली. लोकांना फितन्यात टाकता आहात का, असा जाब प्रेषितांनी (स.) त्यांना तीनदा विचारला. लाडक्या साथीदाराला सूट मिळाली नाही. तिसरी गोष्ट आम्हा शिक्षकांना सर्वांत महत्त्वाची वाटते. जाब विचारून प्रेषित (स.) थांबले नाहीत, तर कोणत्या सूरह पढाव्यात तेही त्यांनी सांगितले. सूरह आला, सूरह शम्स, सूरह लैल अशी नावे घेऊन सांगितले. आणि कारणही दिले की तुमच्या मागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामाधंद्याची माणसे असतात.

आपल्याकडचे शेरे आठवून पाहा. "जरा नीट शिकवा." "मुलांकडे लक्ष द्या." "रिझल्ट दिसला पाहिजे." नीट म्हणजे कसे? लक्ष म्हणजे कोणत्या मुलाकडे? असा शेरा ऐकणाऱ्याला अपमान तेवढा कळतो, उपाय कळत नाही. नाव घेऊन सांगितलेल्या तीन सूरह ही खऱ्या मार्गदर्शनाची खूण आहे. चूक दाखवणाऱ्याजवळ पर्याय तयार हवा.

चौथी गोष्ट, हजरत मुआज (रजि.) यांना इमामतीवरून दूर केले गेले नाही. पुढे प्रेषितांनी (स.) त्यांनाच यमनला पाठवले. लोकांना दीन शिकवणे आणि न्यायनिवाडा करणे ही मोठी जबाबदारी त्यांच्यावर टाकली. त्यांना आणि हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) यांना निरोप देताना बजावले की लोकांसाठी सोपे करा, अवघड करू नका. मदिनेतील त्या रात्रीचा धडा यमनच्या वाटेवर पुन्हा शिदोरीसारखा बरोबर दिला गेला. सुधारलेल्या शिक्षकावर आधीपेक्षा मोठा विश्वास टाकायचा असतो, हे यातून दिसते.

दुसऱ्या एका प्रसंगी अशीच लांब नमाजची तक्रार आली, तेव्हा प्रेषित (स.) फार रागावले. पण लोकांसमोर बोलताना त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही. तुमच्यातले काही जण लोकांना दूर लोटतात, अशा अर्थाचे बोलले. ज्याला कळायचे त्याला कळले आणि अब्रूही राहिली. आता आपल्या मोहल्ल्याचा व्हॉट्सॲप ग्रुप आठवा. मुअल्लिमांबद्दलची तक्रार तिथे नावानिशी पडते. त्याच ग्रुपवर त्यांचे विद्यार्थीही असतात, हे कोणाच्या ध्यानातही नसते.

नजर ठेवणे आणि टपून बसणे

सूरह हुजुरात (४९:१२) मध्ये दुसऱ्यांची टेहळणी करण्याची, त्यांची उणीदुणी शोधत फिरण्याची मनाई आहे. मग वर्गाची पाहणी करायची की नाही? जरूर करायची. पण पाहणी उघड असते आणि टेहळणी चोरून होते, हा फरक विसरू नये. खिडकीच्या मागे उभे राहून ऐकणे, मुलाला बाजूला घेऊन "मौलाना आमच्याबद्दल काय बोलतात?" असे विचारणे, मोबाइलवर चोरून चित्रण करणे, हे सारे टेहळणीत मोडते. आधी सांगून येणे, सलाम करून मागे बसणे, पूर्ण सबक ऐकणे आणि नंतर एकांतात बोलणे, याला पाहणी म्हणतात. वर्गात कॅमेरा बसवायचा असेल तर तो मुलांच्या सुरक्षेसाठी आहे हे मुअल्लिमांना आधी सांगून बसवावा.

ऐकण्याचा एक सुंदर नमुना हदीसमध्येच आहे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) रात्री कुरआन पढत होते आणि प्रेषित (स.) ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी हे अबू मूसांना सांगितले आणि हजरत दाऊद (अलै.) यांच्या सुरेल आवाजाशी त्यांच्या आवाजाची तुलना करून तारीफ केली. आधी मनापासून ऐकले आणि मग चांगले ते चांगले म्हणून सांगितले. आपल्या मुअल्लिमांना कमिटीकडून तारीफ शेवटची कधी ऐकायला मिळाली?

आम्ही बीएड करताना सराव पाठ घेत असू. मागच्या बाकावर निरीक्षक बसत आणि आमच्या पाठ टाचणावर शेरे लिहीत. काही निरीक्षकांचे शेरे वाचून आवाज बसायचा, काहींचे वाचून दुसऱ्या दिवशीचा पाठ सुधारायचा. दोघेही चूकच दाखवत. पण दुसऱ्या प्रकारचे निरीक्षक आधी जमलेल्या दोन गोष्टी लिहीत, मग सुधारायची एकच गोष्ट लिहीत आणि आठवड्याने तीच गोष्ट पाहायला पुन्हा येत. एका वेळी एकच सुधारणा आणि पुन्हा भेट, हा नियम मकतबच्या कमिटीलाही सहज पाळता येईल.

तक्रार आली तर

हजरत उमर (रजि.) यांच्या खिलाफतीत कूफा शहराची जबाबदारी हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्याकडे होती. ते मकतबचे शिक्षक नव्हते, शहराचे अधिकारी होते. पण लोकांनी त्यांच्याविरुद्ध तक्रारी केल्या आणि त्यांत ते नमाजही नीट पढवत नाहीत, हीसुद्धा तक्रार होती. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना बोलावून विचारले. त्यांचे उत्तर ऐकून घेतले आणि तुमच्याबद्दल आमचा अंदाज असाच होता, असे सांगून दिलासा दिला. तरीही चौकशी सोडली नाही. त्यांच्याबरोबर माणसे कूफ्याला पाठवली. त्या माणसांनी शहरातील एकही मशीद न वगळता लोकांना विचारले. लोक तारीफ करत गेले. एका मशिदीत मात्र एक जण उलट बोलला.

हजरत साद (रजि.) यांना त्या पदावरून दूर केले गेले, हेही इतिहासात आहे. पण हजरत उमर (रजि.) यांनी आपल्या अखेरच्या वसीयतीत आवर्जून नोंद केली की सादना दूर केले ते नाकर्तेपणामुळे नव्हे आणि खयानतीमुळेही नव्हे. शहर शांत ठेवण्यासाठी माणूस बदलावा लागतो, तरी त्याची अब्रू बदली होऊन जाऊ नये, याची काळजी खलिफांनी मरणशय्येवर घेतली. आपल्याकडे मुअल्लिम बदलले की त्यांच्या मागे काय काय बोलले जाते, ते सर्वांना ठाऊक आहे. पुढच्या गावी त्यांना जागा मिळण्याआधीच त्यांच्याबद्दलच्या गोष्टी तिथे पोहोचलेल्या असतात.

सूरह हुजुरात (४९:६) मध्ये बातमी पडताळून घेण्याचा हुकूम आहे, नाही तर न कळत कोणाचे नुकसान करून बसाल आणि नंतर पस्तावाल, असा इशारा आहे. त्यामुळे तक्रार लेखी घ्यावी, शिक्षकाला ती दाखवावी, त्याचे म्हणणे ऐकावे, तक्रार करणाऱ्याच्या घराबाहेरच्या आणखी चार-पाच पालकांनाही विचारावे आणि मग ठरवावे. यात आठ दिवस जातील. एखाद्याची रोजी काढण्यापूर्वी आठ दिवस जास्त नाहीत.

जिथे सवलत नाही

इथवर आम्ही नरमाईबद्दल बोललो. आता दुसरी बाजू. उस्तादांचा अदब म्हणून कमिटीने डोळे मिटून घेणे हीसुद्धा खयानत आहे. सर्वांत आधी ती मुलांशी खयानत आहे.

मुस्लिम समाजात शिक्षकांवर देखरेख ठेवण्याची परंपरा फार जुनी आहे. जुन्या इस्लामी शहरांत 'मुहतसिब' नावाचा अधिकारी असे. बाजारातील वजन-मापे तो तपासत असे, तसेच मुलांना शिकवणाऱ्या मुअल्लिमांकडेही लक्ष देत असे. इसवी सनाच्या बाराव्या शतकात शैजरी यांनी मुहतसिबांसाठी लिहिलेल्या पुस्तकात मुअल्लिमांबद्दल वेगळे प्रकरण आहे. हाड मोडेल किंवा इजा होईल अशी काठी वापरू नये, मुलांना माती-दगड वाहण्यासारख्या आपल्या खाजगी कामाला जुंपू नये, आपले घर रिकामे असताना मुलाला तिथे पाठवू नये, असे नियम त्यात आहेत. आठशे वर्षांपूर्वीच्या लोकांना मुलांच्या सुरक्षेची एवढी जाण होती. शिक्षकावर नजर ठेवणे म्हणजे त्याचा अपमान, असे त्यांना वाटत नव्हते.

आजचा कायदा त्याहून पुढे गेला आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर मदरसे आणि धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था या कायद्याच्या कक्षेबाहेर आहेत. काही जण याचा अर्थ असा काढतात की मकतबमध्ये छडी चालते. तसे नाही. बालन्याय कायदा २०१५ च्या कलम ७५ प्रमाणे ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने केलेली क्रूरता हा गुन्हा आहे, मग ती जागा कोणतीही असो. आणि लैंगिक गैरवर्तनाची गोष्ट कळली तर पोक्सो कायदा २०१२ नुसार ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. "जमातीतच मिटवू" हा पर्याय कायद्यात नाही आणि शरीअतच्या न्यायातही बसत नाही. मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन प्रत्येक मकतबच्या भिंतीवर लिहिलेली असावी.

सरकारी निरीक्षक मकतबात येत नाही, म्हणून कमिटीची जबाबदारी कमी होत नाही, उलट वाढते. प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपल्या कळपाबद्दल त्याला विचारले जाईल, ही हदीस आपण जलशांत ऐकतो. मकतबच्या मुलांबद्दल हा सवाल आधी कमिटीला होईल.

आधी भागाकार करा

आता मुलांचा सबक पुढे सरकत नाही, या नेहमीच्या तक्रारीकडे येऊ. मुअल्लिमांना दोष देण्यापूर्वी कागदावर एक साधा भागाकार करावा. समजा, मगरिबनंतर दीड तास मकतब चालते आणि ४५ मुले आहेत. कोणी कायद्यावर, कोणी अम्मपाऱ्यावर, कोणी नाजिऱ्यावर, कोणी हिफ्जवर. सबक प्रत्येकाचा वेगळा ऐकायचा असतो. ९० मिनिटे भागिले ४५ मुले म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटे. हजेरी, भांडणे, पाणी, वजू यांचा वेळ त्यातूनच जाणार. दोन मिनिटांत नवा सबक देणे, आमोख्ता ऐकणे आणि मखरज सुधारणे कोणत्याही हाफिजसाहेबांना शक्य नाही. उरलेली ८८ मिनिटे ते मूल नुसते डोलत बसते किंवा शेजारच्याला चिमटे काढते. मग आवाज वाढतो आणि हात उगारला जातो.

इथे मुअल्लिम बदलून काही होणार नाही. नव्या मुअल्लिमांनाही तीच दोन मिनिटे मिळणार. बदलायला हवी ती रचना. जुन्या मदरशांत यावर उत्तर होते. तिथे 'मुईद' नावाचे पद असे. मुदर्रिस सबक देत आणि मुईद तो सबक विद्यार्थ्यांकडून पुन्हा करून घेत, न समजलेले समजावून सांगत. आपल्याकडेही नाजिरा पूर्ण झालेला मोठा मुलगा किंवा मुलगी लहानांचा आमोख्ता ऐकू शकते. कायद्यावरची पंधरा मुले एकत्र बसवून फळ्यावर एकाच वेळी अक्षरांचे मखरज घेता येतात. दोन वेळा नेमून मुले वाटून घेता येतात. एक फळा, दोन चटया आणि अर्ध्या पगाराचा एक मदतनीस, यांचा खर्च फार नाही. हा भागाकार कमिटीने केला, तर तपासणी आपोआप मदतीकडे वळते.

मुलींचे मकतब बहुतेक ठिकाणी एखाद्या आपांच्या घरात चालते. त्यांना पुरुष कमिटीने भेट देणे अवघड, म्हणून तिथे कोणीच जात नाही. मग त्यांना पाहणी मिळत नाही आणि मदतही मिळत नाही. मोहल्ल्यातल्या निवृत्त शिक्षिका, शिकलेल्या माता यांची दोन-तीन जणींची छोटी समिती केली तर हे काम होते. आपांचे मानधन मुअल्लिमांच्या निम्मे का, हा प्रश्नही मग बैठकीत येईल. तो यायलाच हवा.

पगार ही खैरात नाही

मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण इब्ने माजा यांच्या हदीस संग्रहात आहे. बुखारीतील हदीस तर अंगावर काटा आणते. कयामतच्या दिवशी अल्लाह ज्या तिघांच्या विरोधात उभा राहील, त्यांत पूर्ण काम करून घेऊन मजुरी न देणारा एक आहे. आपल्याकडे मुअल्लिमांचा पगार वर्गणीवर अवलंबून असतो. वर्गणी आली तर पगार, नाही तर "पुढच्या जुम्म्याला बघू." मशिदीचे वीजबिल थकले तर वीज तोडली जाते, म्हणून ते वेळेवर भरले जाते. मुअल्लिम अंधार करत नाहीत, म्हणून त्यांचे थकते.

पगाराची रक्कम, तारीख, कामाचे तास, रजा आणि रमजानमधील तरावीहचे काम, हे सारे नेमणुकीच्या दिवशी कागदावर लिहावे. कुरआनच्या सूरह बकराच्या आयत २८२ मध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. बारीकसारीक कर्जासाठी जो दीन लिखापढी सांगतो, त्याला वर्षभराच्या चाकरीसाठी तोंडी बोली कशी चालेल? आणि लिहिलेले असले म्हणजे कमिटीलाही हक्काने सांगता येते की वेळेवर या, पूर्ण वेळ शिकवा. पगार थकवणाऱ्या कमिटीची निगराणी कोण मनावर घेईल?

उस्तादही थकतात

इमाम गजाली (रह.) यांचे नाव माहीत नाही असे आलिमांचे घर नसेल. निजामुल्मुल्क यांनी बगदादमध्ये स्थापन केलेल्या निजामिया मदरशात १०९१ साली त्यांची मुदर्रिस म्हणून नेमणूक झाली. त्या काळातील हे फार मानाचे पद होते. चार वर्षांनी, १०९५ साली, त्यांना असा आजार जडला की वर्गात बसल्यावर जीभच वळेना. त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे की विद्यार्थ्यांसाठी एक शब्द बोलायचा प्रयत्न केला तरी तो फुटत नसे, अन्न पचत नसे आणि हकिमांनी हा दुखणा मनाचा असल्याचे सांगितले. त्यांनी पद सोडले. मदरशातील शिकवण्याचे काम काही काळ त्यांच्या भावाने सांभाळले. साधारण अकरा वर्षांनी ते पुन्हा शिकवायला उभे राहिले, तेही निशापूरच्या निजामियात. त्यांना परत बोलावणारे वजीर फखरुल्मुल्क हे निजामुल्मुल्क यांचेच पुत्र होते.

एवढ्या मोठ्या उस्तादांचा आवाज वर्गात बसू शकतो, तर घरापासून दूर, मशिदीच्या एका खोलीत एकटे राहणाऱ्या तरुण हाफिजसाहेबांचे काय होत असेल? पाच वक्तांची अजान, इमामत, दोन वेळचे मकतब, मय्यतीचे गुसल आणि त्यातच घरून येणारे फोन. त्यांची चिडचिड वाढली तर ती शिस्तीची बाब आहे की थकव्याची, हे पाहण्याची जबाबदारी कमिटीची आहे. आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी, वर्षातून एकदा घरी जाण्याचे भाडे, आजारपणात बदली माणूस आणि जेवायला कोणाच्या तरी घरचे ताट, एवढ्यावर माणूस टिकतो.

घरातली निगराणी

हा लेख फक्त कमिटीसाठी नाही. प्रत्येक घर शिक्षकावर काही ना काही नजर ठेवत असते. मूल घरी आले की आई विचारते, "आज काय शिकवले?" हाच प्रश्न तपासणीचा आहे आणि मदतीचाही. पाच मिनिटे सबक ऐकून घेतला, तर मुअल्लिमांच्या दोन मिनिटांची सात होतात. मूल गप्प झाले, मकतबला जायला घाबरू लागले, अंगावर वळ दिसले, तर उशीर न करता विचारपूस करावी. मुलाचे म्हणणे "खोटे बोलतोस" म्हणून उडवून लावू नये. पण एखादी साधी उणीव असेल, तर ती मुलासमोर जेवताना चघळू नये. ज्या उस्तादांची आपण रात्री थट्टा केली, त्यांच्यासमोर सकाळी मूल अदबने बसणार नाही.

जिल्हा परिषद किंवा पालिकेच्या उर्दू शाळेत मूल असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत जावे. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. पण सह्यांपुरत्या जाणाऱ्या माता-भगिनी आम्ही पाहतो. समितीत बसून शिक्षकांची रिक्त पदे किती, एका वर्गात किती मुले, हे विचारले तर शाळेतील शिक्षकांनाही बळ मिळते. रिक्त पदाबद्दल शिक्षकाने एकट्याने वर बोलणे आणि दहा पालकांनी सहीनिशी मागणे यात फार फरक पडतो.

या वर्षी एवढे करावे

कमिटीने दोन किंवा तीन जाणत्या माणसांची नेमणूक करावी. त्यांत शिकवण्याचा अनुभव असलेला किमान एक असावा. महिन्यातून एकदा आधी कळवून पूर्ण सबक पाहावा. एका वहीत तीन ओळी लिहाव्यात : काय चांगले चालले आहे, कोणती एक गोष्ट सुधारायची आहे, आणि त्यासाठी कमिटी काय देणार आहे. पहिल्या दोन ओळी शाळेच्या शेरेबुकातही असतात. तिसरी ओळ आम्हाला क्वचितच वाचायला मिळाली आहे. ती ओळ कोरी राहिली, तर समजावे की आपण निगराणी करत नाही, नुसती टीका करतो. पुढच्या महिन्यात आधी तीच तिसरी ओळ तपासावी. फळा आला का? मदतनीस लागला का? पगार तारखेला गेला का? मगच मुअल्लिमांना त्यांच्या ओळीबद्दल विचारावे.

आणि मुअल्लिम बंधू-भगिनींना, म्हणजे आम्हालाच, एक विनंती. कोणी वर्ग पाहायला आले तर त्यात अपमान मानू नये. हजरत मुआज (रजि.) यांच्यापेक्षा आपला दर्जा मोठा नाही. त्यांनी जाब ऐकला आणि ते यमनपर्यंत गेले. आपण ऐकले, तर आपल्यासमोर बसलेली ४५ मुले दोन पावले पुढे जातील.

अल्लाह आपल्या उस्तादांना सब्र आणि सेहत देवो, जमातीच्या जबाबदारांना इन्साफ आणि नरमी देवो, आणि मुलांच्या सीन्यांत कुरआनचे नूर भरो. आमीन.